त्यांनी सोडली, पण बाजार सोडेल का?

महिना-सव्वा महिन्याचे उपचार घेऊन घरचा माणूस व्यसनमुक्ती केंद्रातून परत येतो, तो दिवस त्या घरात सणाचा असतो. सासूबाई उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, लेकरं बाबांच्या अंगाखांद्यावरून उतरत नाहीत. शेजारच्या काकी डोकावून जातात आणि जाता जाता घरच्या बाईच्या कानात सांगतात, ‘आता सगळं तुझ्या हातात गं. जप त्यांना.’

मैत्रिणींनो, ऐकायला हे वाक्य किती मायेचं वाटतं! पण बचत गटांच्या निमित्तानं सातारा-सांगलीच्या गावांमधून फिरताना या एका वाक्याखाली दबून गेलेल्या इतक्या बायका पाहिल्या आहेत, की ते कानावर पडलं की पोटात कालवतं. सगळं तिच्या हातात? मग कोपऱ्यावरचा परमिट रूम कुणाच्या हातात? पानटपरीवर माळेसारख्या लटकणाऱ्या पुड्या कुणाच्या हातात? लग्नाच्या वरातीत पोरांना ‘बसवणारे’ पाहुणे कुणाच्या हातात?

एकदा सहज मोजून बघा. एसटी स्टँडपासून तुमच्या घरापर्यंत चालत या. मग ते सातारा असो, कराड असो, विटा नाहीतर तासगाव असो. वाटेत दारू आणि तंबाखू मिळणारी ठिकाणं किती, ते मोजा. मग दुसरी मोजणी करा. संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसाला खिशात हात न घालता तासभर बसता येईल, चार माणसांशी बोलता येईल, अशी ठिकाणं किती? एखादं वाचनालय, एखादी तालीम, देवळाचा कट्टा. बहुतेक ठिकाणी एका हाताची बोटंसुद्धा पुरी लागत नाहीत. केंद्रातून आलेला माणूस रोज याच रस्त्यानं जातो-येतो. त्यानं दारू सोडलेली असते, पण दारूनं त्याला सोडलेलं नसतं. सोडणं हे त्या एकट्याचं काम असेलही. पण सुटलेलं राहणं हे घराचं, गल्लीचं आणि गावाचं मिळून काम आहे.

आजार आहे, नुसता नाद नव्हे

आपल्याकडे अजूनही म्हणतात, ‘मनात आणलं तर एका दिवसात सोडेल.’ तसं असतं तर किती बरं झालं असतं! दारूचं अवलंबित्व हा आजार आहे असं जगभरचं वैद्यकशास्त्र मानतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूला आणि शरीराला दारूची सवय झालेली असते. अशा माणसानं घरच्या घरी, एका झटक्यात बंद केली, की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, झोप उडते. कुणाला पहिल्या दोन दिवसांत फिट येते, तर कुणाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात. माणूस बडबडतो, घरच्यांनाही ओळखत नाही. अशा वेळी ‘भूतबाधा झाली’ म्हणून मांत्रिकाकडे धावणारी घरं अजून आहेत. खरं म्हणजे तेव्हा जिवाला धोका असतो आणि लागतो तो डॉक्टर. म्हणूनच जुन्या, रोजच्या दारूचं सोडणं डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं.

आपल्या भागाचं भाग्य असं, की हे शास्त्रीय काम आपल्या दाराशी सुरू आहे. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलनासाठी सगळ्यांना माहीत आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. पण साताऱ्यात ‘परिवर्तन’ या संस्थेमार्फत त्यांनी व्यसनमुक्तीचं कामही उभं केलं होतं, आणि त्यांचे चिरंजीव, मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर ते पुढे नेत आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. ते आता त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर सांभाळतात. त्याच्याही कितीतरी आधी, १९३५ साली, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरायचं ठरवलं, त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ए.ए. उभी राहिली. आज आपल्याकडेही मराठीतून ए.ए.च्या सभा भरतात.

ए.ए.ची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे फी नसते, आणि बाहेरच्या कुणाची देणगीही ते घेत नाहीत. सभेला आलेली माणसं आपापसांत पैसे गोळा करून चहापाण्याचा, जागेचा खर्च भागवतात. ज्या जगात प्रत्येक जण तुम्हाला काहीतरी विकायला बसलाय, त्या जगात काहीही न विकणारी ही एक खोली! बरं होणाऱ्या माणसाला औषधाइतकीच तिची गरज असते, ती का, हे पुढे कळेलच.

तिजोरीचाही वाटा

दारूचा धंदा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुत्तेवाला उभा राहतो. पण साखळी त्याच्यापाशी सुरू होत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ऊस म्हणजे जीव की प्राण. कारखान्यात एक टन ऊस गाळला, की साखरेबरोबर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. त्या मळीपासून स्पिरिट होतं. त्यातलं बरंचसं आता पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल म्हणून जातं, औषधांना जातं, आणि काही देशी दारूच्या बाटलीत जातं. तिकडे पूर्व भागात द्राक्षं. राज्यानं २००१ साली द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि आपल्या पलूसला वाइन पार्क झाला. म्हणजे ज्या शेतावर आपण भांगलायला जातो, त्या शेताचा एक धागा थेट त्या बाटलीपर्यंत जातो. शेतकऱ्याला यात दोष देऊन चालणार नाही. त्याला भाव हवा, आणि तो त्याचा हक्कच आहे. पण धागा आहे, हे माहीत असावं.

मग येते सरकारी तिजोरी. उत्पादन शुल्कातून महाराष्ट्राला वर्षाला वीस हजार कोटींच्या वर रुपये मिळतात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं, धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला मान्यता दिली आणि यातून वर्षाला चौदा हजार कोटी जास्तीचे मिळतील असा अंदाज मांडला. किंमत वाढली की पिणं थोडं कमी होतं, हे जगभर दिसलेलं आहे. त्यामुळे शुल्कवाढ वाईट, असं मी म्हणणार नाही. पण चौदा हजार कोटी मिळायचे, तर बाटल्या तेवढ्या खपायला हव्यात ना?

जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र बहिणींच्या खात्यावर महिन्याला दीड हजार रुपये येऊ लागले. ते पैसे नकोत, असं कुणी म्हणू नये. त्या पैशांतून मुलांची फी भरणाऱ्या, सासूचं औषध आणणाऱ्या बायका मी बघते आहे. दारूचा पैसा सरळ याच योजनेत जातो, असंही नाही. तिजोरी एकच असते. पण हिशेब आपल्याला येतो की! रोज एक क्वार्टर पिणाऱ्याच्या घरातून महिन्याला किती हजार बाहेर जातात, आणि त्यातले शुल्क म्हणून किती वर जातात? एका हातानं ओवाळणी आणि दुसऱ्या हातानं त्याच घरातून त्याहून मोठी वसुली. ज्या घरातला माणूस दारू सोडतो, ते घर या वसुलीतून बाहेर पडतं. तिजोरीला ते एक गिऱ्हाईक कमी झालेलं असतं.

एक तारीख मी विसरू शकत नाही. २७ जानेवारी २०२२. त्या दिवशी सकाळी अनिल अवचट गेले. आणि त्याच दिवशी मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, की एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायची. द्राक्ष उत्पादकांचं हित हे कारण सांगितलं गेलं. मोठा विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. पण विचार करा, डाळ-तांदूळ घ्यायला गेलेल्या, नुकत्याच सावरलेल्या माणसाच्या समोर साबणाच्या शेजारी ती बाटली असती!

वेलदोडा, सोडा आणि रमी

टीव्हीवर दारू-तंबाखूची जाहिरात करायला बंदी आहे. २००३च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, अठरा वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही, हेही त्याच कायद्यात आहे. महाराष्ट्रात २० जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सगळं कागदावर चोख!

मग जाहिरात कशाची दिसते? वेलदोड्याची. सोड्याची. पाण्याच्या बाटलीची. नाव तेच, रंग तोच, चालही तीच. गुटख्याची सवय असलेल्या माणसाला वेलदोडा दिसत नाही, त्याला पुडीच दिसते. कंपनीलाही तेच हवं असतं. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेता अक्षय कुमारनं अशाच एका वेलदोड्याच्या जाहिरातीबद्दल लोकांची जाहीर माफी मागून त्यातून अंग काढून घेतलं. लोक बोलले, म्हणून ते झालं. एरवी बंदी असलेली पुडी सीमेपलीकडून येत राहते आणि टपरीवाला ती ओळखीच्या गिऱ्हाइकाला काउंटरखालून काढून देतो.

आणि मोबाईल? त्याला तर कोपऱ्यावरही जावं लागत नाही. पैसे लावून खेळायची रमी घराघरांत शिरली, तेव्हा जाहिरातीत मोठमोठे सिनेनट होते. कितीतरी तरुण पोरांनी ट्रॅक्टरचे हप्ते, बहिणीच्या लग्नाचे पैसे त्यात घातले. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली, हे फार चांगलं झालं. तोवर मात्र सरकार त्यावर जीएसटीही घेत होतं, ऑक्टोबर २०२३ पासून तर अठ्ठावीस टक्के! बंदी आली तरी चोरवाटा राहतातच, हे गुटख्यानं आपल्याला शिकवलंय.

हे सगळं सांगायचं कारण असं, की दारू सुटलेल्या माणसाच्या आयुष्यात एक मोठी पोकळी तयार होते. संध्याकाळचे तीन तास रिकामे. मित्र गेलेले, कारण ते पिण्यातले मित्र होते. त्या पोकळीत बाजार लगेच शिरतो. दारू सुटते आणि तंबाखू वाढते. तंबाखू आटोक्यात येते तर हातात रमी. घरचे म्हणतात, ‘जाऊ दे, दारूपेक्षा बरं.’ तज्ज्ञ मात्र सांगतात, की एका व्यसनाची जागा दुसऱ्यानं घेणं हा परतीच्या रस्त्यावरचा पहिला दगड असतो. ए.ए.ची ती काहीही न विकणारी खोली कामाला येते ती इथे. ती त्याचा संध्याकाळचा तास भरून काढते.

सोडवण्याचाही बाजार!

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. व्यसन लावणारा बाजार एक, आणि व्यसन सोडवतो म्हणून आपल्या पदरात हात घालणारा बाजार दुसरा. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे, मोबाईलवर जाहिराती असतात, ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ गिऱ्हाईक कोण? तर आपण! रात्री मार खाऊन सकाळी डबे करणारी बाई.

कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंची गोष्ट आहे. नाव सांगत नाही. मंगळसूत्रातले दोन मणी मोडून त्यांनी अशी पावडर मागवली आणि सकाळच्या चहातून नवऱ्याला द्यायला लागल्या. संध्याकाळी तो नेहमीसारखा पिऊन आला आणि तासाभरात चेहरा लालभडक, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. सरकारी दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. डॉक्टरांनी ‘काय दिलंत?’ विचारल्यावर ताईंना तोंडातून शब्द फुटेना. पुढे कित्येक महिने तो घरचा चहा प्यायला नाही.

त्या पावडरीत काय होतं, कुणास ठाऊक. पण डायसल्फिराम नावाचं एक औषध खरोखरच असतं. ते पोटात असताना दारू घेतली, की असाच त्रास होतो. रक्तदाब एकदम खाली जाऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते रुग्णाला समजावून, त्याची संमती घेऊन, हृदय-यकृत तपासूनच देतात. रुग्णाला माहीत असतं, म्हणून तो दारूपासून लांब राहतो. औषधाचं सगळं बळ त्या ‘माहीत असण्यात’ आहे! नकळत दिलं, तर ते औषध राहत नाही, तो घात होतो. तेव्हा मैत्रिणींनो, चहातून, भाजीतून, प्रसादातून काहीही देऊ नका. कुणी कितीही खात्री देवो.

तसंच केंद्राचंही. ‘महिन्यात खात्रीनं सोडवू, पन्नास हजार भरा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून होणारे मानसिक त्रासही येतात. अशा रुग्णांना ठेवणाऱ्या केंद्राची नोंदणी लागते, आणि माणसाला साखळीनं बांधणं त्या कायद्यानं मना आहे. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. नोंदणी आहे का? मनोविकारतज्ज्ञ येतात का? घरी सोडल्यानंतर पाठपुरावा आहे का? तिसऱ्या प्रश्नाला जिथे उत्तर नाही, तिथे फक्त महिना विकत मिळतो.

घरात काय करायचं?

आधी काय करायचं नाही, ते सांगते. रोज संध्याकाळी त्याचं तोंड हुंगायचं नाही. पोरांना त्याच्या मागे हेर म्हणून पाठवायचं नाही. भांडणात ‘परत त्या वळणावर जाशील’ असं म्हणायचं नाही. आणि त्यानं नोकरीवर दांडी मारली, उधारी केली, तर त्याच्या वतीनं खोटं बोलून निस्तरायचं नाही.

आता करायचं काय? पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. या काळातल्या लग्नांच्या, जत्रेच्या, निवडणुकीच्या तारखा आधीच बघून ठेवा आणि त्या संध्याकाळी कुठे असायचं, हे दोघांनी मिळून ठरवा. पाहुण्यांना राग येईल, येऊ दे. पगाराचा दिवस सांभाळा. पगार हातात न घेता थेट खात्यावर घ्यावा, हे त्यानं स्वतः ठरवलं तर फार उपयोग होतो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी ओढ जास्त लागते, असं व्यसनमुक्तीत काम करणारे सांगतात. कामावरून आल्या आल्या ताटात गरम काही मिळालं, तर पहिला अर्धा तास निभावतो. अर्थात गरम ताट रोज तुम्हीच द्यायला हवं असं नाही. पोरगं चहा करू शकतं, सासरे पोहे करू शकतात!

आणि घसरलाच तर? एखाद्या दिवशी पाय घसरणं म्हणजे सगळं संपलं असं नव्हे. मधुमेहाच्या माणसाची साखर वाढली, तर आपण त्याला घराबाहेर काढतो का? औषध बदलतो, डॉक्टरांकडे नेतो. तसंच लगेच केंद्रात कळवायचं, समुपदेशकाला भेटायचं. लपवलेली एक बाटली दहा बाटल्या आणते.

पण याचा अर्थ मार सहन करायचा, असा मुळीच नाही. आजार म्हणजे हात उगारायचा परवाना नव्हे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण दारुड्याच्या बायकोलाही तितकंच आहे. आणि स्वतःकडे बघा. वर्षानुवर्षं त्याच्या पिण्याभोवती फिरून तिचं स्वतःचं असं काही उरलेलंच नसतं. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, ए.ए.प्रमाणे घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’च्या सभा असतात. तिथे बाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलते आणि तिला कळतं, की त्याचं पिणं तिच्यामुळे नव्हतं, आणि त्याचं सुटणं एकट्या तिच्या जिवावर नाही.

आपल्या दुकानात, आपल्या तोंडात

एवढं बाजाराला बोलल्यावर आपल्याच पदराखाली बघायला हवं. खानापूर तालुक्यातल्या एका वहिनींचं पुढच्या खोलीत छोटं किराणा दुकान. नवरा दारूतून बाहेर पडला, पण दिवसभर तंबाखू. पुडी कुठली? घरच्याच दुकानातली! वहिनींना कळत होतं, पण पुडी घ्यायला येणारं गिऱ्हाईक जाताना चहापत्ती, साखर, बिस्किटं नेतं. पुडी काढली तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाणार. शेवटी त्यांनी पुड्या बंद केल्या. गल्ला कमी झाला आणि बचत गटातून कर्ज काढून त्यांनी पिठाची गिरणी टाकली. ‘अजून पहिल्याइतका धंदा होत नाही ताई,’ असं त्या सरळ सांगतात. ‘पण पोरगं गल्ल्यावर बसतं, त्याच्या हातानं पुडी विकायची नाही, एवढं मात्र झालं.’ हे सोपं नाही. म्हणूनच अशा दुकानदार बहिणीला ‘तू विकतेस’ म्हणून नावं ठेवण्याआधी आपली यादी पलीकडच्या दुकानातून उचलून तिच्याकडे द्यावी.

आणि आपली मिश्री? तव्यावर तंबाखू भाजून, कुटून केलेली ती काळी भुकटी. ‘दात दुखतो’, ‘पोट साफ होतं’, ‘त्याशिवाय चैन पडत नाही’ असं म्हणत दिवसातून चार वेळा लावतोच ना! २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सतरा टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, असं आढळलं. म्हणजे साधारण सहा जणींत एक. मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिन तेच, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तोच, आणि गरोदरपणात लावली तर बाळाचं वजन कमी भरतं. सकाळी मिश्रीचं बोट तोंडात धरून ‘यांना दारू सुटत का नाही?’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना सांगावंसं वाटतं, की बाजारानं तुम्हालाही सोडलेलं नाही. तुमची सुटेल, तेव्हा त्यांची ओढ तुम्हाला आतून कळेल.

गावानं काय करायचं?

आपल्या हातात एक हत्यार आहे. २००८च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या महिलांनी लेखी मागणी करून मतदान घ्यायला लावता येतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला, तर परवान्याचं दुकान बंद होतं. लक्षात घ्या, मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्या! म्हणून ऊसतोडीला, नोकरीला बाहेर गेलेल्या बहिणी त्या दिवशी गावात हव्यात. बाटली आडवी केली की काम संपत नाही, हेही खरं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवली गेली. चोरटी दारू आणि महसूल, दोन्हींची चर्चा झाली. बंदीच्या जोडीला उपचार आणि राखण हवी.

कायद्याशिवायही बरंच करता येतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते ३१ डिसेंबरला चौकात दूध वाटतात, ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणतात. आपल्या गल्लीत ते करायला कुणाची परवानगी लागत नाही. हळदीकुंकवाच्या वाणात प्लॅस्टिकचे डबे वाटण्याऐवजी एखाद्या वर्षी समुपदेशकांना बोलवा. वरातीसाठी ‘बाटली नाही’ हे पत्रिकेतच छापा. वाचनालय संध्याकाळी सात ते नऊ उघडं ठेवायला ग्रामसभेत ठराव मांडा. ए.ए.च्या सभेसाठी शाळेची एक खोली आठवड्यातून एकदा मोकळी करून द्या. सावरलेल्या माणसाला भजनात, तालमीत, गणेश मंडळाच्या हिशेबात जागा द्या. त्याला कामाला बोलवा, नुसता उपदेश करायला नको.

हे तातडीचं का आहे, तेही सांगते. मार्च २०२४ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात, आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत पोलिसांनी एमडी नावाच्या अमली पदार्थाचे कारखाने पकडले. द्राक्षबागांच्या आणि यंत्रमागांच्या आपल्या मुलखात! पुढचा बाजार आपल्या पोरांसाठी तयार होतो आहे. दारूशी झगडताना जी घडी आपण बसवू, तीच उद्या पोरांच्या कामी येणार आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाच्या घरी माणूस बरा होऊन आला, तर त्या घरच्या बाईला ‘सगळं तुझ्या हातात’ म्हणू नका. ‘मंगळवारी संध्याकाळी भाऊजींना आमच्याकडे पाठव, आमचे हे आणि ते मिळून सभेला जातील,’ असं म्हणा. तिच्या खांद्यावरचं एवढंसं ओझं जरी उतरलं, तरी त्या घराला केवढा आधार होईल!

मदत हवी असेल तर : व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ १४४१६, तंबाखू, मिश्री सोडण्यासाठी १८००-११-२३५६. फोन करणाऱ्यानं स्वतः व्यसनी असायलाच हवं असं नाही. घरची बाईसुद्धा फोन करू शकते.